मास्तरांच्या नावाचा परवाना

मी एक परवाना बोलतोय. गाडी चालवायचा किंवा दुकान थाटायचा परवाना वेगळा, माझं काम वेगळं. ऑफिसातल्या एका सॉफ्टवेअरमध्ये शिरायला मी लागतो. लोक मला लायसन्स म्हणतात. मला ना कागद, ना शिक्का. एका माणसाचं नाव आणि त्या नावापुढचं हिरवं टिंब, एवढाच माझा देह. एक परवाना, एक माणूस असा आमच्या जातीचा नियम. ज्याचं नाव त्यानेच मला वापरायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

हा नियम ऐकायला कोरडा वाटतो. मलाही वाटायचा. तो मोडल्यावर काय भीती पोटात घेऊन जगावं लागतं, ते मी भोगलं आहे. म्हणून सांगतो.

माझा जन्म लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीसाठी झाला. गावभरच्या इमारतींतल्या लिफ्ट तपासायच्या आणि तपासणी सॉफ्टवेअरमध्ये नोंदवायची, हे त्यांचं काम. त्यातही मी निरीक्षकाचा परवाना. निरीक्षकाने 'सुरक्षित' हे बटण दाबल्याशिवाय तपासणीसाठी थांबवलेली लिफ्ट पुन्हा चालू करायची नाही. बटण दाबलं की त्या इमारतीच्या फोनवर निरोप जायचा, "लिफ्ट वापरायला हरकत नाही." खाली माझ्या धन्याचं नाव.

माझे धनी म्हणजे मास्तर. ते शाळेत कधी शिकवत नव्हते, पण साधा पाना मागितला तरी आधी पान्याचा इतिहास सांगायचे, म्हणून ऑफिसने त्यांना मास्तर करून टाकलं. एका बोटाने टायपिंग. अक्षर सापडलं नाही की कळफलकालाच विचारायचे, "कुठं दडून बसलास रे बाबा?" आत शिरताना त्यांच्या मोबाइलवर आकडा यायचा. तो आकडा टाकला की मी दार उघडायचो. त्या आकड्याबरोबर मीही क्षणभर त्यांच्या मोबाइलमध्ये जाऊन यायचो. ते पाण्याच्या बाटलीशेजारी फोन ठेवायचे आणि चष्मा कपाळावर चढवून तो आकडा मोठ्याने वाचायचे.

स्वतः लिफ्टमध्ये उभं राहून वरखाली गेल्याखेरीज मास्तरांनी 'सुरक्षित' कधी दाबलं नाही. मॅनेजर घाई करायचे. मास्तर म्हणायचे, "साहेब, आत माणूस चढतो. आणि तो काही आपल्याला विचारून चढत नाही."

हिवाळ्यात एका सकाळी मास्तर आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. माझं टिंब करडं पडलं. मग ऑफिसात कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "जेवून खुर्चीत बसले होते म्हणे. बसल्या बसल्याच गेले."

मला वाटलं, आता आपलीही सुटका होईल. नाव पुसतील, नवं नाव लिहितील. रीतच आहे ती.

तसं झालं नाही. एका सकाळी मास्तरांचा पासवर्ड पडला, पण बोट त्यांचं नव्हतं. दहाही बोटं भराभर चालत होती. ती होती धाकटी. ऑफिसात वयाने सगळ्यांत लहान, म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. मास्तरांच्या हाताखाली शिकलेली, कामाला चोख, पण निरीक्षकाची परीक्षा अजून व्हायची होती. परीक्षेशिवाय माझ्यापुढे तिचं नाव लागत नव्हतं.

"सर, हे बरोबर नाही," ती मॅनेजरना म्हणाली. "मास्तरांच्या नावाने मी कशी नोंद करू?"

"तू परीक्षा पास होईपर्यंतच गं. नवा निरीक्षक आणायचा कुठून? आणि नाव बदलायला सॉफ्टवेअरवाल्यांना कळवलं, तर ते विचारतील बाकीचे कोण कोण कुणाच्या नावाने शिरतात. इथे अर्धं ऑफिस एकमेकांच्या लॉगिनवर चालतंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. राहू दे."

"पण आकडा तर मास्तरांच्या फोनवर जातो."

मॅनेजरनी मास्तरांच्या घरी फोन लावला. "वहिनी, एक अडचण होती..."

तेव्हापासून रोज सकाळी मी आकड्याबरोबर मास्तरांच्या स्वयंपाकघरात जाऊ लागलो. फोन ओट्यावर असायचा, भिंतीला टेकवून ठेवलेला. काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, हात पुसत यायच्या, मास्तरांचाच चष्मा लावायच्या आणि धाकटीच्या फोनची वाट बघायच्या.

"काकू, आजचा आकडा?"

"घे गं," म्हणून त्या एकेक आकडा सावकाश सांगायच्या. मग विचारायच्या, "आज कुठे जाणार?" अगदी मास्तरांना विचारत असतील तशा. धाकटी सांगायची. काकू म्हणायच्या, "जपून जा."

तिकडे पडद्यावर मी हिरवा व्हायचो. 'स्वागत आहे' या शब्दांपुढे मास्तरांचं नाव झळकायचं. गेलेल्या माणसाचं स्वागत रोज सकाळी. माझ्या अंगावर काटा यायचा, म्हणजे अंग असतं तर आला असता. मेलेल्या माणसाचा हात धरून कुणीतरी सही करून घ्यावी, तसं मला वाटायचं. आणि त्या हाताला नको म्हणता येत नाही. ही भीती मला रात्रंदिवस सोडेना. धाकटी प्रामाणिक होती म्हणून निभावत होतं. पण पासवर्डची चिठ्ठी मास्तरांच्या खणात तशीच पडलेली होती, आणि खणाला कुलूप नव्हतं.

मग ऑडिटचा निरोप आला. सॉफ्टवेअर कंपनीची बाई येणार, परवान्यांवरची नावं आणि माणसं ताडून बघणार. मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. ऑफिसात धावपळ सुरू झाली. कुणी पासवर्ड बदलतंय, कुणी दुसऱ्याच्या लॉगिनमधून घाईघाईने बाहेर पडतंय. मांजर येणार कळल्यावर उंदरांची होते, तशी गत.

"मास्तरांच्या नावावर एकही काम अर्धवट दिसता कामा नये," मॅनेजर म्हणाले. "दिसलं, तर बाई म्हणेल, बोलवा त्यांना."

एक काम नेमकं अर्धवट होतं. हाडांच्या दवाखान्याची लिफ्ट. त्या सकाळी धाकटी ती तपासून आली होती. ब्रेकची पट्टी झिजली होती, मजल्यावर थांबलेली लिफ्ट आपोआप खाली सरकत होती. तिने माझ्यातून 'बंद ठेवा' अशी नोंद केली आणि दुसऱ्या कामाला गेली.

दुपारी दवाखान्याच्या डॉक्टरांचा फोन आला. मॅनेजर नुसतं "हो, हो" करत होते. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "पायाला प्लास्टर घातलेली माणसं मी जिन्याने चढवू का? तुम्ही या उचलायला!"

फोन ठेवून मॅनेजर बराच वेळ बसून राहिले. दुष्ट माणूस नव्हता हो. घाबरलेला होता. घाबरलेल्या माणसाचं मला जास्त भय वाटतं. ते उठले आणि मास्तरांच्या खुर्चीत येऊन बसले. खण उघडला. चिठ्ठी काढली.

चिठ्ठीवरचा पासवर्ड माझ्यात टाकला.

ओट्यावरचा फोन वाजला. काकू भांडी घासत होत्या. "वहिनी, जरा आकडा हवा होता."

"सकाळी दिला की हो."

"परत लागतोय. ऑडिट आहे ना."

काकू थांबल्या. मी त्या छोट्या पडद्यावर उभा होतो, त्यांच्या डोळ्यांसमोर. 'नका सांगू' असं मला ओरडायचं होतं. पण मला जे दाखवायला सांगितलंय तेवढंच मी दाखवू शकतो. काकूंनी आकडा सांगितला.

मॅनेजरनी बटणावर बोट ठेवलं. "उद्या सकाळी माणूस पाठवून पट्टी बदलतोच," ते पुटपुटले. कुणाला सांगत होते, कोण जाणे. मग दाबलं. सुरक्षित. खाली मास्तरांचं नाव. निरोप गेला.

ते उठून गेले, पण पडदा तसाच उघडा राहिला. तो हिरवा शब्द आणि मी, समोरासमोर. दवाखान्यात आता काय चाललं असेल? दार उघडलं असेल. कुणीतरी आत पाऊल टाकलं असेल. मला त्या इमारतीत जाता येत नव्हतं. मी नुसता त्या शब्दाकडे बघत होतो.

इकडे काकूंना चैन पडेना. भांडी तशीच टाकून त्यांनी धाकटीला फोन लावला. हे मला नंतर कळलं. "अगं, तुझ्या साहेबांनी दुसऱ्यांदा आकडा मागितला. तुलाच हवा होता ना?"

"मी? मी नाही मागितला, काकू."

धाकटी जवळच होती. धापा टाकत ऑफिसात आली. पडद्याकडे तिने एकदाच पाहिलं. दवाखान्याला फोन लावला तर लागेना. ती तशीच पळत सुटली. मी मागे राहिलो. घड्याळाची टिकटिक तेवढी सोबत होती.

ती परत आली. खुर्चीत बसून तिने पहिला फोन काकूंना केला. माझ्यासमोरच बोलली, म्हणून मला सगळं ऐकता आलं.

"काकू, मी पोचले तेव्हा एका आजींना स्ट्रेचरवरून आत ढकलत होते. पुढची चाकं आत गेली होती. मी ओरडले, 'थांबा!' ते थांबले, आणि काकू, लिफ्ट खाली सरकली. माणूस श्वास सोडतो ना, तशी हळूच. स्ट्रेचर तिरपं झालं. आम्ही सगळ्यांनी धरलं, मागे ओढलं. आजींना तर काही कळलंच नाही. मलाच रागावल्या, 'एवढी ओरडतेस कशाला गं, दवाखाना आहे हा!'"

ती हसायला गेली आणि रडू लागली. पलीकडून काकूंचा आवाज आला. "ह्यांच्या नावाने केलं ना ते?"

"हो, काकू."

काकूंनी फोन ठेवला. धाकटीने डोळे पुसले आणि माझ्यातलं 'सुरक्षित' काढून पुन्हा 'बंद ठेवा' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ऑडिटच्या बाई आल्या. बोलायला मऊ, नजरेने पक्क्या. एकेक नाव घेत, त्या माणसाला समोर बघत चालल्या होत्या. मास्तरांच्या नावावर आल्या.

"हे कुठे आहेत?"

"बाहेर गेलेत, कामाला," मॅनेजर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. सकाळीच त्यांनी काकूंना फोन करून विनवलं होतं, "वहिनी, कुणी विचारलं तर बाहेर गेलेत एवढंच म्हणा. माझ्या पोटावर पाय येईल हो."

बाईंनी माझ्यापुढे नोंदवलेला नंबर फिरवला आणि स्पीकर लावला. धाकटी भिंतीला टेकून उभी होती. माझं काय होणार हे मला त्या क्षणी कळत नव्हतं. काकू खोटं बोलल्या, तर मी उद्याही तसाच वापरला जाणार. खरं बोलल्या, तर मी पुसला जाणार. दोन्हींची भीती वाटत होती. खरं सांगतो, पहिलीची जास्त.

"नमस्कार," बाई म्हणाल्या. "साहेबांशी बोलायचं होतं."

"हे बाहेर गेलेत असं सांगायला सांगितलंय मला," काकूंचा आवाज आला. "पण हे गेले हो. हिवाळ्यातच गेले."

बाईंनी पेन उघडलं.

"रोज सकाळी ह्यांच्या फोनवर आकडा यायचा, मी तो सांगायचे. मला वाटायचं, चला, कुठंतरी अजून कामावर आहेत. काल त्यांच्या नावाने भलतंच झालं. जिवंतपणी ज्यांनी कधी न बघता बटण दाबलं नाही, त्यांच्या नावाने. माझीही चूक आहे, तीही लिहून घ्या. पण त्यांचं नाव आता काढा."

मॅनेजर मटकन खाली बसले. मग त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं, खणातली चिठ्ठीसुद्धा. लिफ्टच्या सरकारी तपासणी खात्याकडे प्रकरण गेलं. मॅनेजरकडून निरीक्षणाचं सगळं काम काढून घेतलं. धाकटीलाही सोडलं नाही. दुसऱ्याच्या नावाने इतके दिवस नोंदी केल्याबद्दल तिचीही चौकशी झाली, परीक्षेला बसायला तिला आणखी थांबावं लागलं. ती म्हणाली, "थांबते. पण बसेन तेव्हा माझ्या नावाने बसेन." दवाखान्याच्या लिफ्टचा ब्रेक बदलला, आणि बाहेरून आलेल्या निरीक्षकाने आत उभं राहून, वरखाली जाऊन मगच ती चालू केली. बाकीच्यांना ज्याचा त्याचा परवाना घ्यावा लागला.

माझं नाव पुसायच्या आधी धाकटीने काकूंना फोन केला.

"काकू, काढते हं."

"उद्यापासून आकडा येणार नाही ना?"

"नाही."

"बरं." मग थोडं थांबून, "सकाळचं चुकल्यासारखं होईल गं."

"मी फोन करेन ना."

"आकडा नाही, तर कशाला?"

"असाच."

ती फोन करते की नाही, मला ठाऊक नाही. आता मला त्या स्वयंपाकघरात जायला वाट उरली नाही.

सध्या मी बिननावाचा पडून आहे. टिंब करडं. पुढे कुणाच्या हाती पडेन, तो कसा असेल, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून खणात टाकेल का, या विचाराने अजूनही धडधडतं. तुमच्याही ऑफिसात माझे भाऊबंद असतील. सोडून गेलेल्यांच्या, बदली झालेल्यांच्या, गेलेल्यांच्या नावावर मुकाट जगणारे. त्यांना एकदा नावाने हाक मारून बघा. ओ देणारं कुणी नसेल, तर त्यांना मोकळं करा.

आणि माझ्यापुढे नवं नाव लिहाल, तेव्हा कुणाचंही लिहा. फक्त जिवंत माणसाचं लिहा.