काळ्या पडद्यावरचं टपाल

मी फक्त अक्षरांवर चालणारा ईमेल प्रोग्रॅम बोलतोय. काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या ओळी, एवढंच माझं रूप. माउसची आणि माझी ओळखसुद्धा नाही.

रक्तपेढीच्या टपालाच्या टेबलावर मला चौदा वर्षं झाली. तिथल्या दादांना दिसत नाही. माझ्या ओळी संगणक त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो आणि एकेक कळ दाबत ते काम उरकतात.

मग रंगीत, देखणा प्रोग्रॅम आला. सगळीकडे तोच बसवायचं साहेबांनी ठरवलं. दादांना मात्र त्यातून नुसतं "चित्र, बटण, चित्र" ऐकू यायचं. त्यांनी एका दिवसाची परीक्षा मागितली. तेच टपाल दोघांकडे येईल, मागे पडेल तो जाईल. मी गेलो असतो तर दादांचं कामही गेलं असतं.

सकाळीच मी तोंडघशी पडलो. एकाने अर्जाचा फोटो पाठवला होता आणि मला तो दाखवता येईना. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या मावशींनी तो दुसऱ्या पडद्यावर उघडून दादांना वाचून दाखवला. नव्या प्रोग्रॅमवर साहेबांचे मेहुणे बसले होते. ते म्हणाले, "दादा, आवराआवर करायला घ्या आता." दादांनी पुढचं पत्र उघडलं.

दुपारी बाहेर खोदकामात तार तुटली. टेबलावरचे फोन बंद पडले. मोबाइलवरून इंटरनेट आलं, पण मुंगीच्या पावलांनी. त्यात साहेबांनी नुकतेच शिबिराचे चाळीस फोटो सगळ्यांना पाठवलेले. नवा प्रोग्रॅम तेच उतरवत बसला. मी आधी फक्त नावं आणि विषय आणतो. पाचवी ओळ होती: "बाळंतीण गंभीर, दुर्मिळ गट, दोन पिशव्या ताबडतोब."

दादांनी तेवढंच पत्र उघडलं आणि मावशींना हाक मारली. पिशव्या गाडीत चढेपर्यंत दादांचं उत्तर लिहून झालं होतं. मध्येच लाइन गेली. मी उत्तर जपून ठेवलं आणि लाइन येताच पाठवलं. मेहुण्यांच्या पडद्यावर चाक फिरतच होतं.

संध्याकाळी निरोप आला, आई आणि मुलगी दोघी सुखरूप.

साहेब दादांच्या खुर्चीपाशी आले. "फोटो पाठवायची हौस माझीच," ते म्हणाले. "उद्यापासून तातडीचं सगळं टपाल आधी तुमच्याकडे."

मेहुण्यांनी खुर्ची जवळ ओढली. "दादा, कुठली कळ कशाला, जरा शिकवाल?"

आज मी तीन टेबलांवर ताठ मानेने बसलोय. फोटो आला की रंगीत भावाला बोलावतो, त्यात मला कमीपणा वाटत नाही. तुम्हाला मात्र एक विनंती आहे. जिवावरचं काही असेल तेव्हा साध्या अक्षरांत लिहा. पोहोचवायचं मी बघतो.