टनामागे दोन ग्रॅम

मी दगडाचा माणूस. तीस वर्षं ओटे, पायऱ्या आणि उंबरे कापतोय, त्यामुळे दगडाबद्दल कुणी मला शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. आणि शिकवायला आली कोण, तर घरचीच पोरगी. लहानपणी माझ्या शेडमधली खडी खिशात भरून शाळेत न्यायची, म्हणून तिचं नावच खडी पडलं. कॉलेजात तिनं भूशास्त्र घेतलं, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून रसायनशास्त्रही.

तिचा मामा रंगाच्या कारखान्यात साहेब आहे. तो म्हणाला, "दाजी, पोरगी दोन डगरींवर पाय ठेवतेय. माझ्याकडे पाठवा, एका जागी टिकेल तरी." मला ते पटलं होतं.

पण खडीनं एका प्रयोगशाळेत अर्ज केला होता. जागा एकच, उमेदवार नऊ. जागा मिळाली तर तिथं दोन वर्षं काम आणि शिक्षण, नाहीतर सोमवारपासून मामाकडे, असं आमचं ठरलं. खरं सांगतो, त्या सकाळी तिच्यासोबत निघालो तेव्हा ती जागा मिळू नये असंच मला वाटत होतं.

परीक्षा अशी होती. प्रत्येकानं आपल्या भागातला एक दगड कुटून त्याची भुकटी महिनाभर आधी द्यायची. त्या भुकटीत काय काय आहे ते प्रयोगशाळेतलं यंत्र मोजणार. आकड्यांचा कागद परीक्षेच्या सकाळी हातात मिळणार आणि तासाभरात पाच परीक्षकांसमोर त्याचा अर्थ सांगायचा. घरच्यांना मागच्या बाकावर बसायची मुभा होती.

खडीनं आमच्या टेकडीवरचा ग्रॅनाइट निवडला होता. तो कुटला मात्र मी. ती बरण्या धुवायला गेली तेवढ्यात लोखंडी खल पुढे ओढला, पिठासारखी भुकटी केली, हातानं छान ढवळून दिली. म्हटलं, काटकुळ्या हातांनी हिला संध्याकाळ होईल.

तिची पाळी आली. परीक्षकांत खाणीच्या कंपनीचा एक गृहस्थ होता. तो कागद बघून खुर्चीत सरसावून बसला. "टनामागे दोन ग्रॅम सोनं! एवढ्यावर खाणी चालतात, ठाऊक आहे ना?"

माझ्या अंगावर काटा आला. आमच्या टेकडीत सोनं! आता ही जागा हिचीच, हे मलासुद्धा कळलं.

खडी मात्र कागदाकडे बघत उभीच. मग म्हणाली, "सर, हे सोनं टेकडीतलं नाही."

"कशावरून?"

"हा दगड मी जागेवर जाऊन पाहिलाय. सोनं घेऊन येणाऱ्या गारगोटीच्या शिरा त्यात कुठंच नाहीत. आणि खडकातलं सोनं सहसा एकटं येत नाही, सोबत गंधक असतं, आर्सेनिक असतं. इथं दोन्ही नाहीत. इथं सोबत फक्त चांदी आहे, तीही सोनार दागिन्यात मिसळतो तेवढीच." ती थांबली. मागे वळून तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. "माझ्या बाबांची अंगठी आहे ती. कुटताना हातात दागिना नको, हा पहिला नियम. मला माहीत होता, मी त्यांना सांगितला नाही. चूक माझी."

मी हात खिशात घातला. लग्नातली अंगठी, जन्मात हरवली नाही. भुकटी ढवळताना ती घासली, तिची न दिसणारी पूड पिठात मिसळली, आणि एका यंत्रानं अन् माझ्या पोरीनं ती शोधून काढली! मला लाज वाटायला हवी होती. पण मी थक्क झालो होतो.

कंपनीवाल्यानं फाइल मिटली. खडी बाहेर जाऊन जिन्यावर बसली. मला राहवेना. मी थेट प्रयोगशाळेच्या मुख्य मॅडमच्या खोलीत घुसलो; परीक्षकांत त्याही होत्या.

"मॅडम, घोळ मी घातलाय. शिक्षा तिला नको."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. "तुम्ही कुटलेल्या भुकटीतूनच निघालाय हा."

मिठाच्या खड्याहून लहान, गुलाबी, टोकदार स्फटिक.

"याचं नाव झिरकॉन. हा जन्मला तेव्हा याच्यात थोडं युरेनियम अडकलं. त्याचं हळूहळू शिसं होत जातं. किती झालं ते मोजलं की वय कळतं. हा दोनशे ऐंशी कोटी वर्षांचा आहे."

"दोनशे ऐंशी...?"

"कोटी. तेव्हा जमिनीवर गवताचं पातंही नव्हतं."

मी डोळा काढलाच नाही. तीस वर्षं मी हे कापत आलो. गिऱ्हाइकानं घासाघीस केली तर वैतागून म्हणायचो, दगडच तर आहे! आणि त्यात हे बसलेलं होतं, माझ्या घणाखाली, गप्प. मला एकदम फार लहान झाल्यासारखं वाटलं, आणि गंमत म्हणजे त्याचं वाईट वाटलं नाही.

"विहिरीच्या पाण्यात विष कुठून आलं, बॅटरीला लागणारा धातू कुठं मिळेल, धरणाखालचा खडक पाण्यानं झिजतोय का, हे सांगायला दगड आणि रसायन दोन्ही जाणणारं माणूस लागतं," मॅडम म्हणाल्या. "अशी माणसं मला मिळत नाहीत. आणि समोर सोनं दिसत असताना 'हे माझ्या बापाचं' म्हणणारं तर आजवर एकही मिळालं नव्हतं. तिचं नाव मी केव्हाच लिहिलंय. जा, सांगा तिला."

मी बाहेर आलो. खडी उठून उभी राहिली. "काय म्हणाल्या?"

सांगायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. चारचौघांत, जिन्यात, हुंदके देऊन. पोरगी घाबरली. तिला वाटलं, गेली जागा. माझी पाठ थोपटत तीच मला समजवायला लागली, "असू दे हो बाबा. जाईन मी मामाकडे. रंगातसुद्धा खनिजंच असतात."

मी नुसती मान हलवत होतो. नाही, नाही, नाही.