बारीक दातांची करवत

कमलबाईंनी करवतीच्या दातांवरून अंगठ्याचं पोट हलकेच फिरवलं आणि ती परत काउंटरवर ठेवली. दुसरी उचलली. हिचे दात अधिक बारीक होते, हाताला नुसते खरखरीत लागत होते.

"अक्का, करवत आहे ती," दुकानदार भटूभाऊ म्हणाले. "पैठणीचा पोत बघितल्यासारखं काय बघता?"

"मोठ्या दातांनी फळीची कड फुटते म्हणे," कमलबाईंनी मुलाकडे मान वळवली. "हाच सांगत होता."

हितेंद्र मोबाइलमधला व्हिडिओ मागेपुढे करून यादी पडताळत होता. रबरी हातोडा झाला. हातोडा आणि फळी यांच्यामध्ये धरायचा ठोकळा झाला. भिंतीलगतची शेवटची फळी आत ओढून घ्यायला एक वाकडी लोखंडी पट्टी लागते. ती दुकानात एकच होती, तीही थोडी गंजलेली. राहिल्या भिंतीच्या कडेला लावायच्या पाचरी.

भटूभाऊंचं म्हणणं, भिंतीपासून बारा एमएम सोडा. व्हिडिओवाला आठ सांगत असेल तर त्याला जळगावचं ऊन माहीत नाही. चैत्रात फळी फुगते, आणि कडेला जागा नसली की मधोमध उठते. एवढं सांगून झाल्यावर त्यांनी कारागीर पाठवतो म्हणून दोनदा विचारलं. हितेंद्रने मान वर न करता दोन्ही वेळा नको म्हटलं.

"मलाच करायचंय."

कमलबाईंना बाहेरच्या खोलीत ही फळ्यांची जमीन नकोच होती. पण दिवाळीत फरशीच्या सांध्यात पाय अडखळून त्यांचा गुडघा फुटला, तेव्हापासून हितेंद्रने धोशा लावला होता. वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या आत काम व्हायला हवं, हेही त्यानेच ठरवलं. शुक्रवारी धुळ्याहून येताना तो टेम्पोत खोकी घालून घेऊन आला. फळ्यांना घराची हवा लागायला दोन दिवस पडून राहू द्यायचं असतं, म्हणून खोकी भिंतीशी निजवून ठेवली होती.

भटूभाऊंनी आतून एक यंत्र ओढत आणलं. लांब दांडा, खाली जाड पातं. एका ठेकेदाराने ठेवून दिलेलं, भाड्याने देतो म्हणाले.

"वीज नको, आवाज नाही, भुसा पडत नाही. फळी ठेवा, दांडा दाबा." त्यांनी एका तुकड्यावर दाबून दाखवलं. कचकन दोन तुकडे झाले.

कमलबाईंची नजर पात्यावरून हितेंद्रच्या डाव्या हातावर गेली. त्या हाताला करंगळी नव्हती, आणि तिच्याजवळचं बोट टोकाशी बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं. नऊ वर्षांचा असताना यावलला, मामाच्या गोठ्यात, कडब्याच्या कुट्टी मशीनमध्ये हात गेला होता. वडिलांनी, सुकदेव आबांनी, पोराला खांद्यावर टाकून स्टँडपर्यंत पळत नेलं होतं.

"हे नको," त्या म्हणाल्या. "करवतच द्या, बारीक दातांची. भुसा मी झाडीन."

भटूभाऊंनी चहा मागवला. चहाला त्या नाही म्हणाल्या नाहीत, कारण आज सकाळीच पाखराने दाणा उचलला होता. जरा उशिरा उचलला, साडेदहाला. म्हणून तर दुकानात यायलाही उशीर झाला.

आधी पाखरू, मग आपण, हा त्यांचा आठ-नऊ महिन्यांचा नेम होता.

आबा गेले ते अकरा महिन्यांपूर्वी, बाहेरच्या खोलीत. हितेंद्र आता धुळ्याला असला तरी तेव्हा वापीला नोकरीला होता. निरोप मिळताच निघाला, पण गाडी नंदुरबारच्या अलीकडे अडकून पडली, आणि एप्रिलच्या उन्हात अंत्यविधी थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. तो पोहोचला तेव्हा घाटावरून सगळे आंघोळी करून परतले होते. जिथे आबांचं डोकं होतं तिथे दिवा लागला होता, दिव्याभोवती पीठ पसरलं होतं आणि गेलेला कोणत्या जन्माला गेला ते पिठात उमटावं म्हणून त्यावर टोपली पालथी घातली होती.

सकाळी टोपली उचलली तर पिठात पाऊल. पुढे तीन बोटं, मागे एक ठिपका. धुळ्याहून आलेल्या थोरल्या नणंदबाई, दगडीबाई, वाकून बघत म्हणाल्या, "देखा, पाखरूना पाय शे हाऊ." मग आणखी वाकल्या. "एक बोट वाकडं शे."

कमलबाईंनी तेव्हा सगळ्यांना सांगितलं की पहाटेच्या सुमारास डोळा लागला असताना टोपली करकरल्यासारखी वाटली होती. बायकांनी हात जोडले. आबा पाखराच्या जन्माला गेले.

तिसऱ्या महिन्यात गॅलरीच्या कठड्यावर एक पारवा यायला लागला. त्याच्या डाव्या पायाचं एक बोट वळलेलं होतं. त्या दिवसापासून कमलबाई ज्वारीचे दाणे ठेवून दाराशी बसत, आणि त्याने उचलल्याशिवाय तोंडात पाणी घेत नसत. कधी सात वाजता येई, कधी बारा. दोनदा दिवसभर आला नाही. संध्याकाळी फरशीवरच्या त्याच जागी दिवा लावून त्या पोथीचं पान वाचत. दिव्याच्या तेलाचा गोल डाग दगडात मुरला होता.

हितेंद्र फोनवर रोज विचारायचा, "आई, जेवलीस?" पारव्याचं सांगायला लागलं की मात्र विषय बदलायचा. एकदा म्हणाला, "तू आधी खात जा. पाखरू आहे ते." त्या रागावल्या नव्हत्या. नव्या पिढीला पटत नाही, एवढंच मनात आणलं होतं.

रविवारी सकाळी त्याने पहिली ओळ दारापासून धरली. खाली पातळ फोम अंथरायचा, कडेला पाचरी लावायच्या, मग फळीची जीभ दुसरीच्या खाचेत तिरकी घालून ठोकळ्यावर हळू ठोकायचं. कमलबाई भिंतीशी पाट घेऊन बसल्या आणि मागेल ते हातात देऊ लागल्या. पट्टी, पेन्सिल, हातोडा. आबा काही दुरुस्तीला बसले की त्या अशाच बसायच्या.

"बाराच सोडलंस ना?"

"बारा."

फळी कापायची असली की तो ती स्टुलावर आडवी धरून सावकाश करवत चालवी. भुसा पिठासारखा बारीक पडत होता. पंखा बंद होता, त्यामुळे जिथे पडला तिथेच राहत होता. पाच ओळी झाल्या, सहा झाल्या. अर्ध्या खोलीचा रंग बदलला.

दिव्याची जागा आता हातभर अंतरावर राहिली होती. हितेंद्र त्या फरशीवर कधी पाय देत नसे. कमलबाईंच्या ते आधीच ध्यानात आलं होतं. खोलीत येता-जाता तो त्या जागेला वळसा घालायचा. आईच्या श्रद्धेचा मान ठेवतो, असं त्यांना वाटायचं, आणि बरं वाटायचं. आज मात्र ओळ तिथवर आली तसे त्याचे हात मंदावले. फळी मोजली, पुन्हा मोजली. चुकीच्या बाजूला खूण केली, पुसली.

"पाणी देऊ?"

"नको."

माप घ्यायला तो पुढे वाकला. उजव्या हातात टेप होता. तोल सांभाळायला त्याने डावा हात समोरच्या फरशीवर टेकला, बोटांच्या टोकांवर, आणि मागे घेतला.

भुशात पाऊल उमटलं होतं.

पुढे तीन बोटं, मागे अंगठ्याचा ठिपका. तिसरं बोट टोकाशी बाहेरच्या बाजूला वळलेलं.

कमलबाईंच्या हातात ठोकळा होता. तो त्यांनी मांडीवर ठेवला, पुन्हा उचलला. बाहेर गॅलरीत पंखांची फडफड झाली. त्यांनी तिकडे मान वळवली नाही. टोपलीची करकर त्यांना आता अगदी नीट ऐकू येत होती.

हितेंद्रही भुशाकडे बघत होता. मग आईकडे. त्याने तळहात पुढे नेला, पुसायला.

"राहू दे," कमलबाई म्हणाल्या.

हात तसाच अधांतरी राहिला.

"त्या रात्री..." त्या भुशाकडेच बघत होत्या. "आबांच्या पाया पडलास का रे तू?"

तो खाली बघूनच बोलला.

"सगळे झोपले होते. घाटावर जाऊन आलो, तिथे काहीच नव्हतं गं. मग टोपली जरा उचलली. पाय कुठे होते ते मला माहीत नव्हतं. म्हटलं, जिथे होते तिथे तरी हात..." त्याने टेप गुंडाळला. "सकाळी तुम्ही सगळ्यांनी हात जोडले. तुझा चेहरा बघितला. मग कसं सांगणार?"

कमलबाईंनी पदराने ओठांवरचा घाम टिपला. इतके महिने सकाळी कुणीतरी येत होतं. कुणासाठी तरी दाराशी बसायचं होतं. त्या काही क्षण त्या तीन बोटांकडे पाहत राहिल्या, नऊ वर्षांच्या पोराचा चिंध्या गुंडाळलेला हात पाहावा तशा.

"पाय तिकडे होते, खिडकीकडे," त्या म्हणाल्या. "तू डोक्याशी टेकलास. चालतं. नमस्कार पोहोचला असेल."

मग ठोकळा त्याच्यापुढे धरला.

"बसव फळी. ऊन चढायच्या आत होऊ दे."

त्याने फोम पुढे सरकवला. भुसा न झाडताच. फळी खाचेत गेली, ठोकळ्यावर तीन ठोके पडले, आणि तेलाचा डाग, फरशी, सगळं झाकलं गेलं. शेवटची ओळ वाकड्या पट्टीने ओढून घेतली तेव्हा दुपार झाली होती. त्या संध्याकाळी कमलबाईंनी दिवा देवघरात लावला आणि पोथी तिथेच बसून वाचली.

सोमवारी हितेंद्रला सहाच्या बसने धुळ्याला निघायचं होतं. तो बूट घालत असताना कमलबाईंनी चहा आणला. दोन कप होते. एक त्याच्यापुढे ठेवला, दुसरा घेऊन त्या नव्या जमिनीवर त्याच्यासमोर बसल्या. गॅलरीचा कठडा अजून रिकामा होता.

हितेंद्रने कठड्याकडे पाहिलं, मग आईच्या हातातल्या कपाकडे.

"आई..."

"पी. निवतोय," त्या म्हणाल्या, आणि स्वतः घोट घेतला.

तो गेल्यावर त्यांनी कप विसळले, डब्यातून मूठभर ज्वारी काढली आणि कठड्यावर पसरली. थोड्या वेळाने पारवा आला, रोजच्यासारखाच. दाणे टिपू लागला. कमलबाई दाराशी उभ्या राहून त्याच्या मानेचे निळे-जांभळे रंग बघत राहिल्या. पायांकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.