उजवीकडून कोरलेली कविता

बाबा दगडावर अक्षरं कोरायचे आणि उजवीकडून कोरायचे. म्हणजे अक्षरं सरळच, वाचायचीही डावीकडूनच. फक्त प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द ते सगळ्यात आधी कोरत. तो मनासारखा बसला की मग ओळीच्या सुरुवातीला जाऊन उरलेलं भरत आणत. याला कारण एक मुख्याध्यापक होते. ते वारले तेव्हा बाबा ऐन उमेदीत होते. त्यांच्या दगडावर बाबांनी डावीकडून झोकात 'अखेर शांत झो' इथवर कोरलं आणि दगड संपला. 'पले' बाजूच्या कडेवर घ्यावं लागलं. मुख्याध्यापक समोरून बघितलं तर आजही अर्धवटच झोपलेले आहेत. त्यांची पूर्ण झोप बघायची तर वळसा घालून जावं लागतं.

तेव्हापासून शेवट आधी. आणि शेवट आधी आला की यमक आपोआप येतं, असं बाबांचं म्हणणं. एकाखाली एक चार शब्द दिसले की माणसाचा हात त्यांना जुळवल्याशिवाय राहत नाही.

कारखान्यात माणसं दोनच. बाबा आणि त्यांची लेक. बाकी सगळी धूळ. चहात धूळ, रेडिओत धूळ, बाबांच्या भुवयांत तर इतकी की शिंकले की चार-दोन वर्षांनी तरुण दिसत. गिऱ्हाईक यायचं ते शब्दांवाचून यायचं. "काहीतरी चांगलं लिहा," एवढंच म्हणायचं. मग बाबा खडू उचलायचे आणि दगडावर ओळी लिहायचे, आणि गेली सहा वर्षं त्या ओळी लेक छिन्नीनं कोरायची. तेवढ्यात तिनं 'हसत आला, हसत गेला, सगळ्यांना लळा लावून गेला' हे एकोणीस वेळा कोरलं होतं. त्यातला एक तिकीट तपासनीस होता. त्याला हसताना त्याच्या बायकोनंही पाहिलं नव्हतं.

लेकीला खडू हवा होता. तीही लिहायची, पण यमकाशिवाय. कागदावर लिहायची आणि कागद छिन्न्यांच्या खोक्याखाली सारायची. बाबांनी ते सगळे वाचले होते.

"चांगलं आहे," ते एकदा म्हणाले, "पण ओळ कुठे संपली ते कळत नाही."

"तुमची ओळ कुठे संपणार ते सुरू व्हायच्या आधी कळतं."

"मग? बसने जाताना आपला थांबा माहीत असलेला बरा असतो."

हे असंच वर्षानुवर्षं चाललं असतं, पण आत्या निवृत्त झाली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. शहरातल्या पोहण्याच्या तलावावर एकतीस वर्षं शिट्टी गळ्यात घालून उभी राहिलेली बाई. अर्ध्या शहराला तिनं पाण्यात ढकललं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला नुसतं बघून पाण्यात जायला लावलं होतं. निवृत्तीला काय हवं, असं तलावाच्या व्यवस्थापकांनी विचारलं. ती म्हणाली, काठावर एक बाक. आणि बाकाच्या पाठीला तोच जुना काळा दगड, ज्यावर 'सूर मारू नये, काठावर धावू नये, ओल्या अंगानं कचेरीत येऊ नये' असं कोरलेलं होतं. तो दगड बाबांनीच कोरला होता, मुख्याध्यापकांच्याही आधी. नियमांची नवी पत्र्याची पाटी लागल्यापासून तो पंपाच्या खोलीत भिंतीला टेकून उभा होता. त्याची मागची बाजू कोरी होती. तिथे चार ओळी हव्या होत्या.

"नये, नये, नये," बाबा कौतुकानं म्हणाले. दगड नुकताच कारखान्यात येऊन पडला होता. "यमक होतं म्हणून लोकांनी पाळलं."

"शिट्टी होती म्हणून पाळलं," लेक म्हणाली. "बाबा, या ओळी मी लिहिणार."

"माझ्या बहिणीच्या?"

"माझ्या आत्याच्या."

दोघांनी दगडाकडे बघितलं. दगडानं मत दिलं नाही. शेवटी ठरलं असं: दोघांनी लिहायचं, आत्यानं निवडायचं. ज्याच्या ओळी ती निवडेल, त्याच्याकडे खडू. या दगडापुरता नाही, कायमचा. बाबांनी हे इतक्या सहज कबूल केलं की लेकीला अपमान झाल्यासारखं वाटलं.

सोमवारी दोघं तलावावर कागद घेऊन गेले. आत्या कचेरीत आपलं कपाट रिकामं करत होती. कपाटातून तिनं आतापर्यंत बेवारशी पोहण्याचे सत्तावीस चष्मे आणि एक कवळी काढली होती.

बाबांच्या ओळी अशा होत्या:

जिच्यामुळे भ्यालो नाही कधी आम्ही पाणी,
तलावाची आमच्या ती शिट्टीवाली राणी,
लाटांनाही शिकवली तिनं शिस्तीची गाणी,
बाकावर या बसा, ऐका तिची कहाणी.

"पाण्याला भितात, बाबा," लेक म्हणाली. "पाणी भ्यालो असं कुणी म्हणत नाही."

"यमकात म्हणतात."

लेकीच्या ओळी तीनच होत्या:

तिनं कधी हात धरला नाही.
फक्त म्हणाली, काठ सोड.
आम्ही सोडला.

"चौथी कुठाय?" बाबांनी विचारलं.

"नाहीये."

"चार ठरल्या होत्या."

"तिसरीनंतर जे गप्प बसायचं, ती चौथी."

"गप्प बसणं मी कोरू कसं?"

आत्यानं दोन्ही कागद ओल्या हातानं घेतले, टॉवेलात गुंडाळले आणि गुरुवारी सांगते म्हणाली.

आता बाबांचा स्वभाव असा की त्यांना गुरुवारपर्यंत थांबायची गरज वाटली नाही. ताईला आपण जन्मापासून ओळखतो, ती यमकच निवडणार, आणि रविवारी तर निरोपाचा कार्यक्रम. मग हात रिकामा का ठेवा? बुधवारी लेक दगडाचा भुगा टाकायला गेली होती. ती परत आली तेव्हा काळ्या दगडाच्या उजव्या कडेला, गुण्या लावून काटकोनात, एकाखाली एक, दोन सूत खोल, देखणे चार शब्द कोरून झाले होते. पाणी. राणी. गाणी. कहाणी.

लेकीनं रिकामं घमेलं खाली ठेवलं.

"अक्षर कसं आलंय?" बाबांनी विचारलं.

"अक्षर छान आलंय," ती म्हणाली, कारण ते खरं होतं.

गुरुवारी आत्या स्वतः आली. तिनं लेकीचा कागद पुढे केला. "हा."

बाबा खुर्चीत बसले. खुर्चीवर छिन्नी होती. ते उठले, छिन्नी बाजूला केली आणि पुन्हा त्याच चेहऱ्यानं बसले.

"का, ताई?"

"बाळ, मी राणी कधी होते?" आत्यानं विचारलं. बाबा एकसष्ट वर्षांचे होते, पण आत्यासाठी बाळच. "एकतीस वर्षं मी ओल्या टॉवेलात होते. हिच्या कागदावर मी आहे. जे बोलायचे तेच आहे."

"तुला यमक आवडत नाही?"

"मला वाचताना मध्येमध्ये थांबायला आवडत नाही. तुझ्या प्रत्येक ओळीच्या टोकाला थांबा आहे. एका दमात जाता येत नाही."

"अगं, लोकांना तोच थांबा लागतो," बाबा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा खाली आला. "माझ्याकडे येणारा माणूस घरून रडून आलेला असतो. त्याला धरायला काहीतरी हवं. यमक म्हणजे कठडा आहे. हात ठेवला की पुढचा शब्द सापडतो. तोंडात राहतं. तिकीट तपासनिसाची बायको अजून म्हणते त्या ओळी."

"खोट्या आहेत तरी?" लेकीनं विचारलं.

"तिला त्या तशाच हव्या होत्या."

यावर उत्तर आत्याकडे होतं. "कठडा धरून कुणी पोहायला शिकत नाही, बाळ," ती म्हणाली आणि वळली, आणि वळताना तिला दगड दिसला.

तिनं चारही शब्द वाचले. मग भावाकडे बघितलं. लहानपणी पाण्यात ढकलण्याआधी ती असंच बघायची, असं बाबांनी नंतर सांगितलं.

"घासून काढतो," बाबा म्हणाले.

"दोन सूत घासलं तर बोल्टच्या भोकांपाशी तडकेल," लेक म्हणाली. "नवा दगड घेऊ."

"दगड हाच," आत्या म्हणाली. "याच्या पाठीशी इतकी वर्षं उभी राहिले, आता हा माझ्या पाठीशी राहील. शब्द बदला."

"शब्द कोरलेत, आत्या."

"चारच कोरलेत."

मग लेकीनं कमरेवर हात ठेवले. "ठीक आहे. हेच चार शब्द टोकाला ठेवून मी लिहीन. माझ्या पद्धतीनं. जमलं तर खडू माझा आणि कुरकुर नाही."

"यमक दिसलं पाहिजे," बाबा म्हणाले.

"मला ऐकू येता कामा नये," आत्या म्हणाली, आणि शिट्टी खिशात टाकून निघून गेली.

लेक शुक्रवारभर दगडासमोर पाण्याच्या पिंपावर बसून राहिली. चार शब्द उजव्या कडेला पाहुण्यांसारखे ताठ उभे होते आणि त्यांना बाहेर घालवायची सोय नव्हती. तिनं आधी राणीला मुंगी राणी केलं, मग पत्त्यांतली राणी केलं, एकदा तर राणी नावाची मांजरही तलावात पाडली. काहीही केलं तरी ओळ टोकाशी आली की पाय आपटून उभी राहायची. बाबा दुसऱ्या बाजूला एक पायरी तासत होते. ते मध्येच, कुणाला उद्देशून नाही अशा बेतानं, म्हणाले, "कठड्यापाशी थांबलंच पाहिजे असं नाही. नुसता हात लावून पुढेही जाता येतं. वळताना पोहणारे तसंच करतात. भिंतीला पाय लावायचा आणि निघायचं."

लेकीनं मान वर केली. "हे तुम्ही मला सांगताय?"

"पायरीला सांगतोय."

दुपारी चारच्या सुमाराला ती उठली आणि बाबांच्या खिशातून खडू काढून घेतला. बाबांनी खिसा जरा उघडा धरल्यासारखा वाटला, पण ते धुळीमुळेही असेल. तिनं लिहिलं:

हात धरणार नाही, म्हणाली. मग उरलं फक्त पाणी
आणि आम्ही. तिथे कुणी राजा नव्हता, कुणी राणी
नव्हती. गुडघे मात्र सगळ्यांचे थरथरले. धीराची गाणी
तिला येत नव्हती. काठ सोड, म्हणाली. सोडला. एवढीच कहाणी.

ओळी कमीजास्त लांबीच्या होत्या आणि उजवी टोकं आधीच पक्की, त्यामुळे डावी कड उंदरांनी कुरतडल्यासारखी झाली. सगळ्या जगाच्या कविता डावीकडे सरळ असतात, ही उजवीकडे होती. बाबांनी खडू सवयीनं परत खिशात टाकला. मग गुण्या लावला, काढला, पुन्हा लावला.

"डावीकडे कोण बघतंय," ते म्हणाले आणि छिन्नी उचलली. त्या दिवशी कोरायचं काम त्यांनी केलं. लेकीनं नुसतं बघितलं आणि दोनदा सांगितलं की 'नव्हती' नंतरचा पूर्णविराम जरा ठळक हवा. तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली नाही.

रविवारी तलावावर दीडशे माणसं जमली. व्यवस्थापकांनी फडकं काढलं आणि आत्याला वाचायला सांगितलं. आत्यानं श्वास घेतला. पाण्याखाली पन्नास मीटर जाणाऱ्या बाईचा श्वास होता तो. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी उगाचच आपलाही रोखला. मग ती वाचू लागली आणि कुठेही थांबली नाही. 'पाणी'ला हात लावून 'आणि आम्ही'कडे गेली, 'राणी'ला पाय लावून 'नव्हती'कडे. 'गाणी' हा शब्द तर कुणाच्या लक्षातही आला नाही. 'एवढीच कहाणी' म्हणून तिनं उरलेला श्वास नाकानं सोडला.

"मुक्तछंद आहे," व्यवस्थापक जाणकारासारखे म्हणाले. "मला एरवी झेपत नाही, पण हा झेपला."

मागे एक म्हातारे गृहस्थ चष्मा विसरून आले होते. ते पुढे झाले, बाकाच्या उजव्या कडेवरून वरून खाली बोट फिरवलं आणि समाधानानं मान हलवली. "यमक अगदी चोख बसलंय. हल्ली असं कोण लिहितो?"

बाबांनी लेकीकडे बघितलं. लेकीनं आत्याकडे बघितलं. आत्या बाकावर बसली होती, पाठ दगडाला टेकून, चारही ओळी झाकून.

सोमवारी सकाळी पोस्टमन आला. टपाल द्यायला नाही. त्याचा कुत्रा गेला होता आणि त्याला अंगणात एक छोटासा दगड लावायचा होता. "काहीतरी चांगलं लिहा," तो म्हणाला. सवयीनं बाबांकडे बघून म्हणाला.

बाबांनी खिशातून खडू काढला, त्याच्यावरची धूळ फुंकली, ज्याला तसा काही अर्थ नव्हता, आणि तो लेकीसमोर ठेवला. मग चहाचा कप घेऊन पायरीवर जाऊन बसले.

लेकीनं खडू घेतला. सहा वर्षं वाट बघितलेली गोष्ट चार बोटांएवढी होती. "काय आवडायचं त्याला?" तिनं विचारलं.

"फाटक," पोस्टमन म्हणाला. "मी घरी आलो की फाटकापर्यंत यायचा. शेवटी शेवटी चालवत नव्हतं, तरी यायचा. आणि एक सांगू का, ताई? यमक असेल तर बरं. रोज जाता-येता म्हणता येईल असं."

पायरीवर चहाचा एक घोट मोठ्यानं घेतला गेला.

लेकीनं वळूनही बघितलं नाही. पोस्टमनच्या थकलेल्या चपलांकडे बघितलं, मग दगडाकडे. त्याचा कुत्रा, त्याचं फाटक, तोंडात ठेवायच्या ओळीही त्याच्याच. तिनं खडू नीट धरला.

"उजवीकडून," बाबा म्हणाले.

"माहितीये," लेक म्हणाली, आणि उजव्या कडेपासून दोन बोटं जागा मोजून तिनं पहिला शब्द लिहिला.