जिन्याखालची लीद

नाक मुरडू नका, मी घोड्याची लीद बोलतेय. माझं नाव काढलं की लोक दोन पावलं मागे सरतात. पण मीही पोटातूनच आले आहे, आणि माणसांपेक्षा बरंच काही पचवून आले आहे.

माझा जन्म तबेल्यातला. तिथून एका घड्याळजींनी मला पोत्यात भरून घरी आणलं. हाताला कंप सुटल्यामुळे त्यांनी नुकतंच दुकान बंद केलं होतं. "हातून काहीतरी चालू झालं पाहिजे गं," असं ते बायकोला म्हणाले आणि मशरूम लावायचं त्यांच्या डोक्यानं घेतलं.

मला बघून बायकोनं कपाळाला हात लावला. "अहो, लोक दुकान बंद केल्यावर बागेत फिरतात. तुम्ही घोड्यामागे फिरताय!"

शेवटी तह झाला. तिची थोरली बहीण राहायला येणार होती. ती येईपर्यंत मशरूम उगवलं तर ठीक, नाहीतर माझी रवानगी उकिरड्यावर.

परसात त्यांनी मला पेंढ्यात कालवलं, भिजवलं, पुन्हा पुन्हा उलटंपालटं केलं. मी आतून अशी तापले की वाफा निघाल्या. निवल्यावर माझा उग्र वास बराचसा गेला, रंग काळाभोर झाला. मग माझ्यात मशरूमचं बी मिसळून, वर ओला कागद पांघरून त्यांनी मला पेटीत भरलं आणि जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत ठेवलं. माझ्या अंगात पांढरे तंतू पसरू लागले. गुदगुल्या व्हायच्या.

पण जन्मभर घड्याळं उघडण्यात गेलेला माणूस! झाकलेलं काही दिसलं की त्यांना राहवत नसे. चहाआधी यायचे, चहानंतर यायचे. डोळ्याला भिंग लावून चिमट्यानं मला उकरायचे, तंतू कुठवर आले ते बघायचे. तंतू बिचारे तुटून जायचे. "अहो, मी घड्याळ नाही!" असं मी ओरडायचे, पण लिदीचं कोण ऐकतं?

एका सकाळी ते माझ्यापुढे मटकन बसले. "हेही बंद पडलं. आता माझ्या हातून काहीच चालू होत नाही." मला गलबलून आलं.

दारात बायको उभी होती. तिनं सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी मात्र ठसक्यात म्हणाली, "ती घाण मी फेकून दिली. खोलीला कुलूप घातलंय."

ते भांडलेसुद्धा नाहीत. नुसती मान हलवून खिडकीशी जाऊन बसले.

आणि ही बया दुपारी ते झोपले की गुपचूप माझ्याकडे! एका हातानं नाक दाबायची, दुसऱ्या हातानं पाणी शिंपडायची. कुणी उकरेना, तसे माझे तंतू पुन्हा जुळले. मग कागद काढून, घड्याळजींनी तयार करून ठेवलेली ओलसर माती तिनं माझ्यावर पसरली. पुढेपुढे ती नाक दाबायचंही विसरली. "उगव गं बाई," म्हणायची. "त्यांचं तोंड बघवत नाही मला."

बहीण आली. आल्या आल्या म्हणाली, "कसला वास गं हा?"

"नवा साबण," बायको म्हणाली आणि नवऱ्याच्या हातात किल्ली ठेवली. "अहो, जिन्याखालून ताईसाठी उशी आणता?"

दार उघडलं. माझ्या अंगभर मशरूमची पांढरीशुभ्र बटणं उगवली होती. घड्याळजी तिथेच जमिनीवर बसले आणि कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. उशीचं कुणाला भान होतं!

जेवताना ताईंनी दोनदा भाजी वाढून घेतली. "बाजारात असली मशरूम मिळत नाहीत. कुणी वाढवली?"

घड्याळजींनी बायकोकडे पाहिलं. तिनं ताटातून मान वर केली नाही. "यांनी. यांच्या हाताला गुण आहे."

त्यांनी तिला वाढायला घेतलं. डाव थरथरला, थोडा रस्सा सांडला. पुसायची घाई कुणी केली नाही.

"पण वाढवता कशात?" ताईंनी विचारलं.

"मातीत!" दोघं एका सुरात म्हणाले.

मातीत! एवढं सोसून माझं साधं नावही नाही. तरी हसूच आलं मला.

आता माझ्यातलं सत्त्व संपलं आहे. उरलीसुरली मी कुंड्यांमध्ये पडून असते. परसात नव्या पोत्याची वाफ निघतेय आणि घड्याळजी बाह्या सरसावून उभे आहेत. तुमच्याही घरात कुणी हातचं काम सुटून बसलं असेल, तर त्याला पोतंभर लीद आणू द्या. वासाची फार कुरकुर करू नका. वास जातो हो.