बरगडीखालची गाठ

टाचण्या ओठांत धरून ती नवऱ्याच्या शर्टाची शिवण पुन्हा एकदा आत घेत होती.

"बघ, अजून दोन बोटं जाईल," तो आरशात बघत म्हणाला. "धाकटा म्हणायचा ना, दादाच्या आधी दादाचं पोट घरात येतं? आता बघ म्हणावं."

"पोटावर त्या सहा चौकटी दिसायच्या आधी तुम्हीच दिसेनासे व्हाल. उकडलेली अंडी नि काकड्या! मी स्वयंपाक करायचा तरी कुणासाठी?"

कापड ताणताना तिचा हात त्याच्या उजव्या बरगडीखाली टेकला आणि तिथेच थांबला. काहीतरी टणक होतं, लिंबाएवढं. तिने डावीकडे चाचपलं. तिथे सगळं मऊ.

"काय गं? गुदगुल्या होतात."

तिने टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या. सासऱ्यांची गाठही इथेच लागली होती. त्यांचंही अंग आधी असंच उतरलं होतं, आणि सगळे म्हणाले होते, बरं झालं, हलके झालात.

त्याने स्वतः बोट लावून पाहिलं. मग शर्टाची बटणं लावली, ती खालीवर.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला झोपवून गाठीवर बोटं ठेवली.

"मान उचला. खांदेही. आता सैल सोडा. पुन्हा."

मग त्याच्या पोटावरून सोनोग्राफीचं यंत्र फिरत राहिलं. बाई पडद्याकडे बघत होत्या. तिने पिशवीचा बंद बोटाला इतका गुंडाळला की बोट पांढरं पडलं.

"व्यायाम करता?"

"रोज."

"एकाच बाजूचा?"

तो ओशाळला. "पलंगाशेजारी जमिनीवर करतो. डावीकडे कललं की कोपर हिच्या शिलाई मशीनला आपटतं. म्हणून उजवीकडेच. किती वेळा म्हटलं, सरकव."

"उजेड खिडकीपाशीच येतो," ती पुटपुटली.

"हा स्नायू आहे," बाई म्हणाल्या. "वरची चरबी गेली म्हणून हाताला लागतोय. आत सगळं स्वच्छ आहे, अगदी निश्चिंत राहा. डाव्या बाजूलाही जरा कामाला लावा."

दोघं घराच्या रस्त्याला लागली. कोपऱ्यावर तो म्हणाला, "सहापैकी एक चौकट आली म्हणायची."

ती हसली. हसता हसता तिला भिंतीला टेकावं लागलं, आणि डोळे पुसले तरी पाणी थांबेना. तो पिशवी धरून उभा राहिला.

घरी आल्यावर तिने टाचलेला शर्ट बाजूला ठेवला आणि वाकून मशीनच्या पायाला हात घातला.

"अगं, तिकडे अंधार आहे. सुईत दोरा कसा ओवशील?"

"तुम्ही ओवून द्याल," ती म्हणाली. "धरा त्या बाजूने."