अर्दियातलं अमेरिकन गाणं

"एक सोडून कुठलंही गाणं म्हण, हमीद," मॅनेजर विश्वास जोगळेकर म्हणाले. "ते बंद कारखान्याचं इंग्लिश नको. मालक येणार आहेत. आनंदाचा कार्यक्रम आहे."

गिटारची खुंटी पिळता पिळता हमीदने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते जोगळेकरांना कळलं नाही.

दाभोळचा हमीद परकार कुवेतमधल्या अर्दियात, ट्रकदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये पत्र्याचे पोचे काढायचं, डेंटिंगचं काम करायचा. आखाती युद्धानंतर तेलविहिरींच्या आगी विझवायला आलेल्या एका अमेरिकन ड्रायव्हरने जाताना त्याला एक कॅसेट दिली होती. तिच्यातलं एक गाणं भलतंच लांब. पोलादाचा कारखाना बंद पडतो, गाव ओस पडतं, बायको हॉटेलात बशा धुते आणि नवरा रोज सकाळी बंद फाटकासमोर जाऊन ताठ उभा राहतो. शब्द कळायला हमीदला फार दिवस लागले. आतून हलला मात्र तो पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच.

अठ्ठ्याण्णव साली तेलाचे भाव कोसळले. ट्रक यायचे थांबले. वर्कशॉपने निम्म्या माणसांना घरी पाठवायचं ठरवलं. त्यांत एका पायाने लंगडणारे म्हसळ्याचे कमालचाचाही होते. वर्कशॉपचं पहिलं शटर त्यांनी बसवलेलं. हमीद मात्र वाचला होता. वार्षिक कार्यक्रमही ठरल्याप्रमाणे होणारच होता.

रुमैथियातल्या शाळेचा हॉल. पुढे सोफ्यावर मालक, जोगळेकर आणि त्यांची बायको पद्मजा, मागे कामगार. हमीदने तेच गाणं काढलं. इंग्रजी ऐकून मालक खूश. बोटांनी ताल धरू लागले. मग मध्येच हमीद हिंदीवर आला. फाटक अर्दियाचं झालं, नवऱ्याचं नाव कमाल झालं.

"जिसने शटर लगाया, उसी पे शटर गिराया!"

मागे खुर्च्या सरकल्या. माणसं उठून उभी राहिली.

"माइक बंद कर!" जोगळेकर साउंडवाल्यावर ओरडले.

माइक गेला, स्पीकरला जोडलेली गिटारही मुकी झाली. हमीदने ती उतरवून ठेवली आणि नुसत्या गळ्यावर गाऊ लागला. मागून टाळ्यांचा ठेका आला. त्यात पहिल्या रांगेतलेही दोन हात होते.

"पद्मजा, काय हे!" जोगळेकर दबक्या आवाजात म्हणाले.

"गाऊ दे त्याला," ती म्हणाली आणि टाळ्या वाजवत राहिली.

गाणं पूर्ण झालं.

सकाळी जोगळेकरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. "माफी माग. मालकांना मी सांभाळून घेतो."

"कसली माफी, साहेब? गाणा खोटा होता?"

"अरे, तुझं घर चालतं ना या नोकरीवर?"

"चाचांचापण चालायचा."

हमीदचाही व्हिसा रद्द झाला.

त्याला आणि कमालचाचांना एकाच विमानाचं तिकीट मिळालं.

"यादीत तुझा नाव नव्हता रे," एअरपोर्टच्या रांगेत चाचा म्हणाले. "आता फरहतला काय सांगशील?"

"बायको हाय माझी. दोन दिवस बोलायची नाय. मग विचारेल, कसा गायलास?"

चाचा हसले. त्यांचं लंगडणं बघून एक पोर्टर व्हीलचेअर घेऊन आला. चाचांनी हातानेच नको म्हटलं, सदऱ्याची कॉलर नीट केली आणि पाय ओढत, पण ताठ पुढे निघाले. मागची रांग खोळंबली. कुणीतरी कुरकुरलं. हमीदने आपली पावलं आखडती घेतली, पण आधाराला हात पुढे केला नाही.